कंबर धरली आहे: थांबू, फिजिओकडे जाऊ की थेट सर्जनकडे?

घाटपायथा (धागाकर्ता) | २६ एप्रिल, सायं. ६.१०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, सांभाळून घ्या. उभ्याने टाइप करतोय, बसवत नाही.

वय ४१, पतसंस्थेत हिशेबाचं काम. मार्चएंडला पंधरवडाभर रोज बारा-बारा तास खुर्चीत होतो. ते निभावलं, आणि ५ एप्रिलला, रविवारी सकाळी, सोफ्याखाली गेलेला रिमोट काढायला वाकलो तो तसाच राहिलो. सिलिंडर उचलला नाही, पोतं उचललं नाही. रिमोट! बायको आणि मुलगा दोन्हीकडून धरून पलंगापर्यंत घेऊन गेले.

पहिले चार दिवस शिंक येणार म्हटलं तरी धडकी भरायची. मग जरा सैल पडलं. पण दुसऱ्या आठवड्यात दुखणं कमरेतून उजव्या कुल्ल्यात आणि तिथून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरलं. बसलं की वाढतं, चाललं की बरं वाटतं. परवा एमआरआय काढला. एल४-एल५ला (कमरेचा चौथा-पाचवा मणका) डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी फुगलेली, त्याखाली एल५-एस१ला झीज, उजव्या नसेवर किंचित दाब असं लिहिलंय. ते वाचल्यापासून मी चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी उचलतोय.

आतापर्यंत मिळालेले सल्ले असे. आई म्हणते, गादी काढ आणि फळीवर झोप. मेव्हणे म्हणतात, मणक्यात गॅप पडलीय, आज ना उद्या ऑपरेशनच. साहेब म्हणतात, पट्टा बांध आणि कामावर ये. सासूबाई म्हणतात, पायाळू माणूस शोधा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि 'वाटलं तर फिजिओ करा' म्हणाले. आता हे 'वाटलं तर' म्हणजे नक्की कधी वाटायचं?

वरणफळ | २६ एप्रिल, सायं. ६.४५

सासूबाईंना +१ :)
आमच्या आजीच्या अंगणात उसण भरलेली माणसं यायची, कारण माझा काका पायाळू. तो पाठीला पाय लावायचा, हलकीशी लाथच म्हणा. माणसं वाकडी यायची, ताठ होऊन जायची आणि दोन दिवसांनी नारळ आणून द्यायची. काका स्वतः मात्र जन्मभर कंबरदुखीने बेजार. त्याला लाथ कोण मारणार?

थेम्सकाठी | २६ एप्रिल, रात्री ८.०२

रुमाल टाकून ठेवते. माझीही कंबर गेल्या थंडीत बर्फ उपसताना धरली होती.

भौतिका | २६ एप्रिल, रात्री ९.२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पंधरा वर्षं हेच करतेय. इथे लिहून तपासणी होत नाही, तेव्हा तुम्हाला कोणीतरी हात लावून तपासायचं अजून बाकी आहे असं धरूनच वाचा. आधी तीन प्रश्न, गप्पा नंतर.

लघवी नेहमीसारखी होते का? लागल्याचं कळतं, सुरू व्हायला अडत नाही, नकळत गळत नाही?

सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग, म्हणजे जांघेच्या आत आणि शौचाच्या जागेभोवती, बधीर झालाय का?

भिंतीला हात टेकून नुसत्या टाचांवर दहा पावलं चाला. मग एकेका पायाच्या चवड्यावर दहा वेळा वर-खाली व्हा. उजव्या-डाव्यात फरक पडतो का?

पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर गडबडीचं असेल तर धागा बंद करा आणि आत्ता, रात्रीच, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. कमरेच्या मणक्यांतून नसांचा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा खाली उतरतो. तो अख्खा दाबला गेला तर हातात तास असतात, आठवडे नाहीत. लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर ते माझं काम नाही, सर्जनचं आहे.

घाटपायथा | २६ एप्रिल, रात्री ९.५५

लघवी ठीक. बधीरपणा नाही. टाचांवर व्यवस्थित चाललो. चवड्यावर डावा पाय दहा वेळा झाला, उजवा सातला थकला. मुलाने व्हिडिओ काढला, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलाय आणि मेव्हण्यांचा फोन येतोय.

भौतिका | २६ एप्रिल, रात्री १०.३०

फोन उचलू नका :)

उजवा सातला थकला, ही नोंद एमआरआयच्या अख्ख्या पानापेक्षा मोलाची. कमरेतून पायात उतरणाऱ्या नसांपैकी चवड्यावर उचलायचं काम मुख्यत्वे एस१ नसेचं, टाचेवर चालताना पाऊल आणि अंगठा वर धरायचं काम एल५चं. तुमची एस१ थोडी कुरकुरते आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण तुमचं 'वाटलं तर' इथे संपलं. या आठवड्यात कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा. आणि हे आकडे लिहून ठेवा: आज सात. पुढे पाच, तीन असे उतरत गेले किंवा चालताना पाऊल घसटायला लागलं, तर त्याच दिवशी सर्जन.

रिपोर्टाबद्दल. २०१५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या स्कॅनचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. चाळिशीतल्या माणसांत साधारण ५० टक्क्यांना बल्ज होता आणि ६८ टक्क्यांना गादीची झीज. लक्षात घ्या, यांना काहीही दुखत नव्हतं. विशीतसुद्धा ३० टक्क्यांना बल्ज. म्हणजे ५ एप्रिलच्या आदल्या दिवशी तुमचा एमआरआय काढला असता तर त्यातही हे शब्द निघाले असते, अशी दाट शक्यता आहे. केस पांढरे झाले म्हणून आपण डोक्याला पट्टा बांधत नाही.

आणि 'गॅप पडली' हा आपल्याकडचा सगळ्यात खोडसाळ शब्द आहे. दोन मणक्यांत अंतर असतंच, असायलाच हवं, तिथे गादी असते. झीज झाली की ते अंतर कमी होतं. पडणारी गॅप मी अजून पाहिलेली नाही.

खडूस_काका | २७ एप्रिल, सकाळी ७.१५

मोबाइल, खुर्च्या आणि गाद्या. आमच्या वेळी चटईवर झोपायचो, कोणाची कंबर दुखत नव्हती. धागाकर्त्याने आईचं ऐकावं.

माझी १९९८ची सायटिका (कमरेतून पायात उतरणारी कळ) ट्रॅक्शनने गेली. कमरेला पट्टा, पायथ्याशी वजन, पंधरा दिवस हॉस्पिटलात पडून. ते आता फिजिओवाले करतच नाहीत, नुसते व्यायाम सांगतात. ते तर मी घरीच करीन.

वरणफळ | २७ एप्रिल, सकाळी ७.४०

काका, तुमच्या वेळी कंबर दुखत नव्हती तर १९९८ साली काय झालं होतं?

थेम्सकाठी | २७ एप्रिल, दुपारी १.३०

इथे इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओकडे नाव नोंदवता येतं. ऐकायला छान वाटतं, पण माझा नंबर लागेपर्यंत कंबर आपली आपणच बरी झाली होती.

ट्रॅक्शनबद्दल: डॉक्टरांसाठी उपचारांचे नियम काढणाऱ्या इथल्या 'नाइस' या संस्थेच्या २०१६च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखी आणि सायटिका दोन्हींसाठी ट्रॅक्शन देऊ नका असं स्पष्ट आहे. पट्टे नकोत, अल्ट्रासाउंड नको, टेन्सचं (तारा लावून हलका करंट देणारं) मशीन नको. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीवर जी मार्गदर्शिका काढली तिच्यातही नको म्हटलेल्यांत हीच नावं आहेत.

खडूस_काका | २७ एप्रिल, दुपारी ४.००

मग आमच्या कोपऱ्यावरच्या क्लिनिकात ही सगळी मशिनं कशाला मांडून ठेवलीत? दहा सिटिंगचं पॅकेज घेतात.

भौतिका | २७ एप्रिल, रात्री ९.४५

काका, तुमचा प्रश्न माझ्याच धंद्यावर आहे, पण बरोबर आहे.

मशिनं आहेत कारण पेशंट ती मागतो. चार तारा लावल्या, गार जेल फासलं, पंधरा मिनिटं गुणगुणलं, की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. आणि मशीन लावून एक फिजिओ एका वेळी चार खाटा सांभाळू शकतो. व्यायाम शिकवायचा तर एका माणसाजवळ अर्धा तास उभं राहावं लागतं. माझ्याकडेही आहेत मशिनं. दुखणं तापलेलं असताना शेकासारखा थोडा उपयोग होतो, माणूस हलायला तयार होतो, एवढ्यापुरतं. पण पाचव्या सिटिंगलाही तुम्ही नुसते पालथे पडून तारा लावून घेत असाल, तर तो फिजिओ बदला.

तुमच्या १९९८च्या पंधरा दिवसांत आराम पडला हे खरंच असणार. सायटिका बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. गादीचा बाहेर आलेला तुकडासुद्धा शरीर बऱ्याचदा आपलं आपण शोषून घेतं. त्या वेळी जो उपाय चालू असतो, श्रेय त्याला मिळतं. वरणफळ यांच्या काकांचे नारळही त्याच हिशेबातले. उसण म्हणजे स्नायूंनी घाबरून धरलेली मूठ, ती काही दिवसांत सुटतेच. त्यात धीर देणारा पाय पाठीला लागला तर थोडी लवकर सुटत असेल, मी नाही म्हणणार नाही.

पडून राहण्याचं सांगते. १९८६ साली अमेरिकेत कंबर धरलेल्या माणसांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. बरं होण्यात फरक पडला नाही, फक्त दोन दिवसवाले कामावर लवकर परतले. आणि फळी: २००३ साली स्पेनमध्ये तीनशेच्या वर कंबरदुखीवाल्यांना काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी दिली. मध्यमवाले सरस ठरले. आईंना हे सांगू नका, हळूच गादी परत टाका.

आता मूळ प्रश्न, कधी वाटायचं. नुसती उसण भरली, पायात काही उतरलं नाही, तर पहिले काही दिवस घरी निभावतं: शेक, डॉक्टरांना विचारून गोळी, आणि घरातल्या घरात का होईना हिंडतं-फिरतं राहणं. दोनेक आठवड्यांत उतार पडला नाही तर फिजिओकडे या. पायात कळ किंवा मुंग्या उतरल्या तर एवढंही थांबू नका. वर्षातून दुसऱ्या-तिसऱ्यांदा धरली असेल तर दुखत नसताना या. तेव्हा कोणी येत नाही आणि खरं काम तेव्हाच करता येतं. आणखी एक, ज्याबद्दल कोणी बोलत नाही: दुखणं कमी झालं पण माणूस वाकायलाच घाबरतो, मुलाला उचलत नाही, चपला बायकोने पुढ्यात ठेवायच्या. अशांनी तर यावंच. कप दोन्ही हातांनी उचलणारे तुम्ही त्याच वाटेवर आहात.

सांजसावली | २८ एप्रिल, दुपारी १२.१०

सिझरच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळे माझी कंबर कायमची गेली आहे. सहा वर्षं झाली. यावर फिजिओ काय करणार? सुई तर आतच लागलेली.

भौतिका | २८ एप्रिल, रात्री १०.०५

सांजसावली ताई, तुमच्यासारख्या दहाजणी तरी महिन्याला हे वाक्य म्हणतात. सुईच्या जागी काही दिवस ठणकतं, ते खरं. पण सुईने वर्षानुवर्षांची कंबरदुखी होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. इंजेक्शन न घेता बाळंत झालेल्यांचीही कंबर तितपतच दुखते. नऊ महिने ताणलेलं पोट, सैल झालेले सांधे, मग वाकून दूध पाजणं, कडेवर एकाच बाजूला मूल, आणि पोटाच्या स्नायूंकडे नंतर कोणी बघितलंच नाही. सुईला दोष दिला की काही करायचं उरत नाही. स्नायूंना दिला तर सहा वर्षांनंतरही करता येतं. या कधीतरी.

सांजसावली | २८ एप्रिल, रात्री १०.४०

कडेवर डावीकडेच घ्यायचे. दुखतं पण डावीकडेच. आत्तापर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

तळ्यातमळ्यात | २९ एप्रिल, सकाळी ९.२०

माझं उलटं होतं, म्हणून लिहितोय. वय २४ला सुरू झालं. पहाटे तीन-चारला कंबर दुखून जाग यायची, सकाळी उठल्यावर तासभर लाकूड. हिंडलो की मोकळं, रविवारी लोळलो की जास्त. सगळे म्हणायचे बाइक चालवतोस म्हणून, जिमला जातोस म्हणून. पाच वर्षं तेल लावलं, पट्टा बांधला. शेवटी एका फिजिओनेच विचारलं, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो? आणि म्हणाली, आधी संधिवाताच्या डॉक्टरकडे जा, मग माझ्याकडे ये. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांचा संधिवात निघाला.

तेव्हा चाळिशीच्या आत सुरू झालेलं, आरामाने वाढणारं, अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणाचं दुखणं असेल तर त्याला 'मार्चएंड' म्हणून सोडू नका.

नांगरट | २९ एप्रिल, रात्री ८.५०

सगळं वाचलं. चांगला धागा. पण 'हिंडतं-फिरतं राहा' हे खुर्चीवाल्यांसाठी आहे. आमच्याकडे कांदा लागणीला बाया सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत वाकलेल्या असतात. त्यांनी आणखी काय हिंडायचं? कंबर मोडली म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी परत वाफ्यात. रोज बुडवून फिजिओकडे कोण जाईल?

दुसरं. माझी आई अशीच 'कामाने कंबर दुखते' म्हणत राहिली. मेडिकलमधून गोळ्या आणायची. संध्याकाळी कणकण, वजन सात किलो उतरलं, रात्रीची झोप नाही. वयाने झालं म्हणालो आम्ही. मणक्याचा टीबी होता. औषधं लांबलचक चालली, आता बरी आहे, पण पाठीला थोडा बाक राहिला तो राहिलाच. ताप, वजन उतरणं आणि पडूनही न थांबणारं दुखणं असेल तर शेक नको, फिजिओ नको, पहिल्यांदा डॉक्टर.

भौतिका | ३० एप्रिल, रात्री ९.१५

नांगरट, आईंचं लिहिलंत ते बरं केलंत. त्यात माझी भर एवढीच: पूर्वी कॅन्सर झालेला असणं, बरेच महिने स्टेरॉइड चालू असणं, किंवा म्हाताऱ्या बाईची नुसती घसरून पडल्यानंतर सुरू झालेली पाठदुखी (हाड ठिसूळ होऊन मणका चेपलेला असतो), हेही आधी डॉक्टरकडेच. बरगडीखाली एका बाजूने जांघेकडे येणारी कळ, माणूस एका जागी बसूच शकत नाही, तो बहुतेक मुतखडा. कमरेभोवती एकाच बाजूला आग होतेय आणि चार दिवसांनी पुरळ उठलं, ती नागीण. दोन्हींना मी ट्रॅक्शनवरून उतरवून डॉक्टरकडे पाठवलंय.

कांद्याच्या वाफ्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. काम वाकूनच होणार. एवढं सांगते: अर्ध्या-पाऊण तासाने उभं राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा मागे वाका. बाया हे आपणहून करतातच, मुकादम ओरडतो म्हणून थांबवतात. पाठ गोल करून वाकण्यापेक्षा खुब्यातून वाका, ढुंगण मागे जाऊ द्या. आणि दिवसभर वाकल्यावर लगेच कोणी पाटी डोक्यावर देत असेल तर दोन मिनिटं मागा. बाकी, मजुरीचे तास ठरवणाऱ्याकडे मला पेशंट पाठवता येत नाही.

घाटपायथा | ७ जून, सकाळी ८.००

धागा वर काढतोय. दोघा-तिघांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं, म्हणून अहवाल.

२८ एप्रिलला फिजिओकडे गेलो. पहिल्या दिवशी तिने मशीन लावलंच नाही, माझा थोडा अपेक्षाभंग झाला. पाऊण तास नुसतं वाकवून, पाय उचलून, हातोडीने टाचेवर ठोकून पाहिलं. मग पालथं झोपवलं. पाच मिनिटांनी कोपरांवर उठवलं. पोटरीतली कळ मांडीत आली, कंबर मात्र जास्त दुखायला लागली. मी ओरडलो, ती खूश झाली. म्हणाली, दुखणं पायातून कमरेकडे परत निघालं की वाट बरोबर आहे, कंबर जरा दुखली तरी चालेल.

तिने गोष्ट सांगितली. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओने एका सायटिकाच्या पेशंटला आत जाऊन पालथं पडायला सांगितलं. आधीच्या पेशंटसाठी खाटेची एक बाजू वर केलेली तशीच राहिली होती. हा बापडा कंबर उलटी वाकवून पडून राहिला. मॅकेन्झी पाच-दहा मिनिटांनी आला तर पेशंट म्हणतो, पाय इतके आठवडे राहिला नव्हता एवढा बरा आहे. त्या चुकीतून व्यायामाची अख्खी पद्धत निघाली. तिने हेही बजावलं की ही सगळ्यांना लागू नाही. म्हाताऱ्यांत नसांची वाटच अरुंद झालेली असली, की चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकलं, बसलं की बरं वाटतं. त्यांना उलटं वाकवलं तर त्रास वाढतो. माझ्या वडिलांचं हुबेहूब असंच आहे, त्यांना पुढच्या आठवड्यात नेतोय.

तर: घरी दिवसातून पाच-सहा वेळा पालथं. दोन आठवड्यांत पोटरी सुटली. तिसऱ्या आठवड्यात कुल्ले उचलणं-टेकवणं, एका कुशीवर फळीसारखं राहणं, हातापायांवर ओणवं होऊन उलटसुलट हात-पाय लांब करणं. ते करताना मुलगा पाठीवर बसायला बघतो. चौथ्या आठवड्यात भाच्याच्या लग्नाला आठ तास बसने गेलो आणि परत धरली. रडायचा बाकी होतो. पण या वेळी चार दिवसांत सुटली, आणि गोळी एकच घेतली.

एकूण सात वेळा गेलो, पॅकेज घेतलं नाही. उजवा चवडा आता दहा, कधी बारा. बसून अजूनही तासाभराने ठणकतं. साहेबांनी जुन्या खतावण्यांचे दोन खोके टेबलावर ठेवायला परवानगी दिली आहे, त्यावर कॉम्प्युटर, उभा राहून काम करतो. रोज संध्याकाळी अर्धा तास चालतो. तिच्या म्हणण्याप्रमाणे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियात नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ माणसांवर हे पाहिलंय: फिजिओच्या देखरेखीखाली हळूहळू चालणं वाढवणाऱ्यांना कंबर परत धरायला साधारण २०८ दिवस लागले, काही न करणाऱ्यांना ११२. मी कॅलेंडरवर खूण केली आहे.

मेव्हणे अजून ऑपरेशनवर ठाम आहेत.

खडूस_काका | ७ जून, सकाळी ८.२५

अभिनंदन. पालथं झोपून पाहिलं. पाय भरून येतात म्हणालात ते जरा नीट लिहा, किती चालल्यावर?

भौतिका | ७ जून, दुपारी २.१०

काका, पालथं राहू द्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

वरणफळ | ७ जून, रात्री ९.००

आणि पायाळूचं काय झालं?

घाटपायथा | ७ जून, रात्री ९.३०

सासूबाईंनी तो त्या लग्नातच गाठला. त्यांच्या नात्यातला, वय वर्षं सात. कार्यालयाच्या मागच्या खोलीत मला पालथं पाडून सगळ्यांदेखत लाथ मारायला लावली. नारळ नको म्हणाला, कुल्फी घेतली.

भौतिका | ७ जून, रात्री ९.४०

कोणत्या बाजूला मारली? नोंद करून ठेवते.